माळरानावरील सोनेरी डुरांटा : लागवड आणि निगा

नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशीमार्गे इंद्रायणी ओलांडून चाकणकडे जाणाऱ्या प्रवाशास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांची फाटके लागतात आणि त्या फाटकांशी, नामफलकांच्या पायथ्याशी, रस्तादुभाजकात एक पिवळीधमक पट्टी वारंवार दृष्टीस पडते. दुरून पाहणाऱ्यास ती फुलांची ओळ वाटते. जवळ गेल्यावर कळते की एकही फूल नाही. पानेच सोनेरी आहेत. हे झुडूप म्हणजे सोनेरी डुरांटा होय. रोपवाटिकेत हे स्वस्तात मिळते, लावले की सहसा जगते आणि वर्षाच्या आत डोळ्यांत भरू लागते. त्यामुळे कारखान्यांच्या आवारातून ते नगरपालिकेच्या उद्यानांत आले, तेथून शाळांच्या प्रांगणात व ग्रामपंचायतींच्या दारात पोहोचले.

या प्रवासात एक गोष्ट मात्र मागे राहिली. कारखान्याच्या बागेत दररोज हातात कात्री घेऊन उभा राहणारा माळी असतो. दोन शिक्षकी शाळेत तो नसतो. या झुडपाचे सारे सौंदर्य आणि काही अंशी त्याची सुरक्षितताही त्या कात्रीवर अवलंबून आहे. रोपे भेट देणारा देऊन जातो, लावणारे लावून मोकळे होतात, आणि तिसऱ्या वर्षी त्या जागी हिरवट, उंच वाढलेले, खाली काटक्या व वर नारिंगी फळांचे घोस असलेले एक वेगळेच झाड उभे असते. तसे होऊ नये याकरिता काय करावे, आणि हे झुडूप कोठे लावू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

माळ आणि हिरवाई

आज जेथे कारखाने आहेत तेथे सहा-सात दशकांपूर्वी बहुतांशी माळ व कोरडवाहू शेते होती. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी औषधनिर्मिती कंपनीची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळावर भूखंडांची आखणी सुरू झाली. १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे उद्योगांचा ओघ इंद्रायणीपलीकडे खेड तालुक्यात वळला. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी ही नावे कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या बरोबरीने मोटारउद्योगाच्या नकाशावर आली.

या माळावर झाडे वाढविणे सोपे नव्हते. लोणावळ्यास चार हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस पिंपरीपर्यंत येता येता सातशे मिलिमीटरच्या घरात येतो, आणि तोही चार महिन्यांत संपतो. वीतभर मातीखाली मुरूम व त्याखाली काळा पाषाण. तरीही टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरी प्रकल्पाची उभारणी सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली होत असता माळरानावर झाडे लावणे व तळे निर्माण करणे हा त्या उभारणीचाच भाग मानला गेला. झाडे आधी आणि शोभा नंतर, असा तो क्रम होता. हा क्रम ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. डुरांट्याची पट्टी सावली देत नाही, पाखरांना घरट्याची जागा फारशी देत नाही, आणि वृक्षलागवडीच्या अहवालात ती वृक्ष म्हणून मोजणे तर निव्वळ फसवणूक आहे. ती किनार आहे, वस्त्र नव्हे.

सोने येते कोठून

डुरांटा हे मूळचे मेक्सिको, कॅरिबियन बेटे व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातील झुडूप. सोळाव्या शतकातील कास्तोरे दुरांते या इटालियन वैद्य व वनस्पतितज्ज्ञाचे नाव त्यास देण्यात आले आणि १७५३ साली लिनियसने त्याची शास्त्रीय नोंद केली. कुळाने ते घाणेरीचे भावंड आहे. मूळ जातीची पाने हिरवी असतात, फांद्यांवर पुष्कळदा काटे असतात, निळसर-जांभळ्या फुलांचे तुरे लोंबतात आणि त्यांमागोमाग पिवळ्या-नारिंगी मण्यांसारखी फळे येतात. हिरवा डुरांटा आपल्याकडील जुन्या उद्यानांत कुंपण म्हणून परिचित आहे. सोनेरी डुरांटा हा त्याच जातीचा पानांच्या रंगासाठी निवडून वाढविलेला प्रकार आहे.

पानात हरितद्रव्य कमी असले की एरवी त्याखाली झाकलेली पिवळी रंगद्रव्ये उघडी पडतात. हेच ते सोने. येथून दोन व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, रंग खुलण्यासाठी या झुडपास भरपूर ऊन लागते. दिवसातून निदान सहा तास थेट ऊन मिळाले तर पाने झळकतात. कडुनिंबाच्या किंवा इमारतीच्या सावलीत तेच रोप अल्प प्रकाश टिपण्यासाठी अधिक हरितद्रव्य तयार करते आणि पोपटी, मग साधे हिरवे होते. "रोपवाल्याने फसविले" अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. वस्तुतः दोष जागेचा असतो. दुसरी गोष्ट अशी की, हा रंग बियांतून खात्रीने उतरत नाही. म्हणून याची अभिवृद्धी फाटे कलमानेच करावयाची असते.

शाळेने किंवा ग्रामपंचायतीने सगळी रोपे विकत घेण्याचे कारण नाही. पाच-दहा चांगली रोपे आणावीत आणि पुढील पावसाळ्यात त्यांच्या छाटणीतूनच शेकडो करावीत. जुलै-ऑगस्टमध्ये, फार कोवळी नव्हे व फार जून नव्हे अशी वीतभर लांबीची, तीन-चार पेरांची काडी घ्यावी. खालच्या पेराच्या लगत तिरपा काप द्यावा, खालची पाने काढून टाकावीत आणि वाळू व शेणखत मिसळलेल्या मातीच्या पिशवीत दोन पेरे आत जातील अशी खोचावी. पिशव्या सावलीत ठेवून माती केवळ ओलसर राहील इतकेच पाणी द्यावे. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांकडून हे काम उत्तम रीतीने होते, आणि अभिवृद्धीचा पाठ फळ्यावर शिकविण्यापेक्षा तो असा शिकविणे केव्हाही बरे. काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. त्याचे कारण पुढे येईलच.

चर, माती आणि पाणी

या पट्ट्यात बहुतेक सार्वजनिक जागा भरावाच्या आहेत. बांधकामाचा राडारोडा, मुरूम व वर चार बोटे लाल माती, अशी ती जमीन असते. तीत पहारीने भोक पाडून रोप बसविले तर पहिल्या पावसाळ्यात ते वाढते व पहिल्या उन्हाळ्यात जाते. त्यापेक्षा सलग चर खणणे श्रेयस्कर. दीड फूट रुंद व दीड फूट खोल चर मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावा. त्यात दोन भाग पोयटा माती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत भरावे. गावतळ्याचा गाळ मिळत असेल तर तो जरूर वापरावा. परंतु निव्वळ काळी चिकण माती भरू नये, कारण पावसाळ्यात तीत पाणी साचून मुळे कुजतात. एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर वाफशावर रोपे लावावीत. वाटेच्या कडेस गुडघ्याएवढी किनार हवी असल्यास दोन रोपांत एक फूट अंतर ठेवावे. कंबरेएवढे कुंपण हवे असल्यास दीड फूट पुरे.

हे झुडूप चिवट आहे हे खरे. तथापि चिवटपणा मुळे खोल गेल्यानंतरचा असतो. पहिला उन्हाळा त्यास सांभाळून न्यावा लागतो. शंभर फुटांच्या पट्टीत शंभर रोपे बसतात. प्रत्येकास दर खेपेस तीन लिटर पाणी व आठवड्यातून दोन खेपा धरल्या तर आठवड्यास सहाशे लिटर पाणी झाले. २०१९ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवड शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, त्या काळात शोभेच्या झाडांवर पिण्याचे पाणी ओतणे किती समर्थनीय, हा प्रश्न प्रत्येक संस्थेस पडावयास हवा होता. पट्टी किती लांब असावी हे शोभेवरून नव्हे, तर उपलब्ध सांडपाण्यावरून ठरवावे. शालेय पोषण आहारानंतर हात व ताटे विसळल्याचे पाणी एका टाकीत वळविले तर पन्नास-साठ फुटांची पट्टी सहज भागते. कारखान्यांनी आपल्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर बागा जोपासाव्यात. जलशुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे खारट पाणी मात्र निर्धास्तपणे रोज देऊ नये. काही महिन्यांतच पानांच्या कडा करपतात. बुंध्याशी वाळलेल्या पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास पाण्याच्या खेपा कमी होतात. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी दिले तरी झुडूप तग धरते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करावयास हवा. पान पिवळेच असल्याने रोग झाला तरी तो लवकर ओळखू येत नाही. निरोगी सोनेरी पान तजेलदार असते. नवे पान पांढुरके पडून केवळ शिरा हिरव्या दिसू लागल्या तर ती लोहाची कमतरता समजावी. चुनखडीयुक्त जमिनीत असे घडते. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस या प्रमाणात संध्याकाळी फवारणी केल्यास सुधारणा दिसते. पिठ्या ढेकूण वा पांढरी माशी दिसल्यास ग्रस्त शेंडे कापून नष्ट करावेत व पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. शाळेच्या आवारात याहून तीव्र औषधे वापरण्याचे प्रयोजन नाही. तळेगाव-चाकण-शिक्रापूर मार्गासारख्या अवजड वाहतुकीच्या रस्त्यालगत धुळीचा थर हाच मोठा रोग आहे. पाणी देताना महिन्यातून एकदोनदा पानांवरूनही ते घेतले तर रंग उजळतो.

कात्रीचे काम

रोप एक वीत उंच झाले की त्याचा शेंडा खुडावा. लावलेल्या रोपाचा शेंडा कापण्यास नवख्या माणसाचे मन धजत नाही, आणि येथेच कुंपण बिघडते. शेंडा राहिला की रोप काठीसारखे वर जाते. शेंडा गेला की बुडापासून फांद्या फुटतात. नव्या फांद्या वीतभर झाल्या की त्याही निम्म्या कराव्यात. असे तीन-चार वेळा केल्यावर कुंपण तळापासून गच्च भरते. एकदा तळ उघडा पडला की तो पुढे भरून काढणे अवघड; मग फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडूप जमिनीपासून फूटभर ठेवून संपूर्ण छाटणे व नव्याने सुरुवात करणे हाच उपाय उरतो. त्या वेळी पाण्याची सोय हाताशी हवी.

छाटणी करताना कुंपणाचा तळ माथ्यापेक्षा थोडा रुंद ठेवावा. बहुतेक ठिकाणी याच्या उलट दिसते. वरचा भाग हाताशी असल्याने तो फुगतो, खाली सावली पडते, खालची पाने हिरवी होऊन गळतात आणि कुंपण छत्रीसारखे दिसू लागते. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांनी, हिवाळ्यात दीड-दोन महिन्यांनी कात्री फिरवावी. एप्रिल-मेच्या कडक उन्हात खोल छाटणी करू नये. आतली सावलीतील पाने एकदम उन्हात येऊन करपतात. मात्र फुलांचे तुरे दिसले तर तेवढे खुडून टाकावेत. अधूनमधून एखादी फांदी पूर्ण हिरवी व इतरांपेक्षा जोमदार निघते. ती मूळ स्वभावाकडे परतलेली फांदी होय. अधिक हरितद्रव्यामुळे ती झपाट्याने वाढते आणि सोनेरी फांद्यांना दाबून टाकते. ती वरून कातरण्यात अर्थ नाही. जेथून फुटली तेथून काढावी.

रस्त्याच्या बाबतीत छाटणी ही शोभेची बाब राहत नाही. दुभाजकातील कुंपण समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत अडवते, हा त्याचा उपयोग. परंतु जेथे माणसे रस्ता ओलांडतात तेथे तेच कुंपण छातीएवढे वाढले, तर त्यामागून येणारे आठ वर्षांचे मूल मालमोटारीच्या चालकास दिसतच नाही. चाकण परिसरातील रस्त्यांवर रात्रंदिवस अवजड वाहने असतात आणि गावातील मुले याच रस्त्यांवरून शाळेला जातात. ओलांडण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना पुरेशा अंतरापर्यंत झुडपे गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नयेत. त्याहून बरे म्हणजे तेथे ती लावूच नयेत. कामाच्या निविदेत रोपांची संख्या काटेकोरपणे लिहिलेली असते. छाटणीच्या खेपा व उंचीची मर्यादाही तितक्याच काटेकोरपणे लिहिली जावी.

नारिंगी मणी

आता सर्वांत महत्त्वाची बाब. डुरांट्याची पाने व फळे विषारी आहेत. कच्ची फळे विशेष घातक मानली जातात. ती खाल्ल्याने लहान मुले, तसेच कुत्री-मांजरे दगावल्याच्या नोंदी आहेत. मळमळ, उलट्या, जुलाब, गुंगी आणि गंभीर प्रसंगी झटके अशी लक्षणे दिसतात. पक्षी हीच फळे खातात, त्यांना काही होत नाही. त्यामुळे "पाखरे खातात ते चालते" हा मुलांचा नेहमीचा तर्क येथे धोक्याचा ठरतो. फळे दिसावयास बोरांसारखी नसली तरी मण्यांसारखी मोहक असतात आणि भातुकलीत हमखास येतात.

याचा अर्थ दिसेल ते कुंपण उपटून टाकावे असा नव्हे. कण्हेर विषारी आहे आणि ती आपल्या देवळांच्या अंगणात पिढ्यान् पिढ्या आहे. गावोगावच्या बांधांवरील शेराचा चीक डोळ्यांस किती घातक हे प्रत्येक गुराखी जाणतो. जुन्या माणसांना हे ठाऊक होते, म्हणून ती मुलांना सांगत. डुरांटा नवा असल्याने त्याविषयी सांगणारे घरात कोणी नाही. ते काम शिक्षकांनी करावयाचे आहे. अंगणवाडी व बालवाडीच्या आवारात मात्र तो मुळीच लावू नये. तेथे जास्वंद, मेंदी, गवती चहा ही झाडे निर्धोक आहेत व काटकही आहेत. इतरत्र असलेल्या कुंपणाला फळ धरू न देणे हा साधा उपाय आहे. नियमित कातरलेल्या डुरांट्यास फुलावयास सवडच मिळत नाही. फूल नाही, मग फळ कोठून? कापलेला पाला गोठ्यात किंवा शेळ्या चरतात तेथे टाकू नये. खड्ड्यात कंपोस्टासाठी पुरावा. चुकून एखाद्या मुलाने फळे खाल्लीच, तर मीठपाणी पाजून उलटी करविण्याच्या खटपटीत वेळ न दवडता तोंड धुऊन, झाडाची डहाळी सोबत घेऊन ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

फळे खुडण्याचे आणखी एक कारण आहे. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलियाचा पूर्व भाग व हवाई बेटे येथे डुरांटा बागेतून निसटून रानात पसरला; पक्ष्यांनी बिया वाहून नेल्या. आपल्या डोंगरांवर आज माजलेली घाणेरीही एके काळी बागेतील शोभेचे झुडूप म्हणूनच या देशात आली, आणि ती डुरांट्याच्याच कुळातील आहे. देहूजवळचा भंडारा डोंगर व चाकणच्या औद्योगिक क्षेत्राशेजारचा भामचंद्र डोंगर या तुकोबांच्या चिंतनाच्या जागा. त्यांच्या पायथ्याच्या गावांनी शोभेसाठी हे झुडूप लावताना, त्याचे बी डोंगरावर जाणार नाही याची दक्षता घ्यावी.

उन्हाळ्याच्या सुटीचा प्रश्न

शाळेतील कुंपण बिघडते ते बहुधा मे महिन्यात. परीक्षा संपतात, शाळेला कुलूप लागते, आणि सहा आठवडे पाणी नाही व देखरेखही नाही. पहिल्या वर्षीची रोपे वाळतात. जुनी झुडपे तग धरतात, पण वळवाचा एखादा पाऊस होताच अनिर्बंध वाढू लागतात व फुलावर येतात. जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हा लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर फळे लागण्याची तयारी झालेली असते.

२०२० साली सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानामुळे गावोगावी लागवड झाली. तीमागील देखभालीची तरतूद ग्रामपंचायतीनेच करावयाची आहे. एप्रिलच्या मासिक सभेत सुटीतील पाण्यासाठी एका व्यक्तीची नेमणूक व तिचे मानधन ठरावाने मंजूर करून घ्यावे. शेजारच्या कारखान्याने रोपे देऊ केल्यास त्यांच्यासोबत दोन वर्षांसाठी महिन्यातून एकदा माळी पाठविण्याची लेखी हमी मागावी. कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करणाऱ्या कंपन्यांस ही मागणी जड नाही. हमी मिळत नसेल तर रोपांची संख्या निम्मी करावी. आणि शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात, वर्ग झाडून घेतले जातात त्याच दिवशी, मुख्याध्यापकांनी कुंपणावरून एकदा स्वतः फेरी मारावी. फुले-फळे खुडून घ्यावीत, खाली पडलेली वेचून घ्यावीत, आणि मगच फाटक उघडावे.